चेहरा ओळखता येत नाही, तर ती पेशी आठवण कसली ठेवते? (दमा, धूळ आणि माटोळी)

डिचोलीचा_दमेकरी

मंडळी, प्रश्न जरा लांबून येतोय, सांभाळून घ्या.

वय ४६. लहानपणी दमा नव्हता, घराण्यात कुणाला नाही. २०१४ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून टांगायची, लाकडी चौकट माळ्यावरून उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्या पावसात छपराचे नळे (कौलं) सरकून माळ्यावर गळती झाली होती. लाकडावर वर्षाची धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि सांध्यांत काळपट हिरवी बुरशी, बोट लावलं की भुकटी उडणारी. तोंडाला काही न बांधता सुक्या फडक्याने तासभर पुसत बसलो. रात्री छातीत शिट्ट्या. पहाटे तीनला शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात, नेब्युलायझर, पुढे दहा दिवस गोळ्या. गणपतीची आरती मी त्या वर्षी खुर्चीवर बसून ऐकली.

हे झालं ते झालं. पण तेव्हापासून नुसत्या धुळीने नाही, अगरबत्ती, फटाके, शेजारच्या घराचा नवा रंग, साधी सर्दी, कशानेही छाती आवळते. त्वचेवरची तपासणी केली तर फक्त धुळीतल्या माइटला (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याला) फोड आला, बाकी सगळं कोरं.

परवा वाचनात आलं की शरीरात ‘इनेट लिंफॉइड सेल’ म्हणजे आयएलसी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. शत्रूचा चेहरा ओळखायची सोय टी आणि बी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींकडे असते, यांच्याकडे ती नाही. तरी संशोधक म्हणतात, यांनाही आठवण असते. माझं डोकं इथेच अडलं. चेहराच ओळखता येत नसेल तर आठवण कसली? आणि माझ्या बाबतीत हेच झालं असेल का?

कुळागर_फोंडा

आमच्या बायकोची पेशी असणार. कोण काय बोललं ते आठवत नाही, पण २०१४ साली काहीतरी झालं होतं हे पक्कं आठवतं.

नंदा_पर्वरी

@कुळागर_फोंडा बायको हा धागा वाचते का?

कुळागर_फोंडा

नाही. म्हणून तर लिहिलं.

पेशीवेडी

दादा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. मी याच विषयात पीएचडी करतेय (मूळची फोंड्याची, सध्या गोव्याबाहेर), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टी आणि बी पेशी स्वतःच्या जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून प्रत्येकी वेगळा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ओळखणारं प्रथिन) बनवतात. त्यामुळे एखादी पेशी नेमक्या एकाच विषाणूला ओळखते, त्याला भेटली की तिची पिलावळ वाढते आणि त्यातली काही वर्षानुवर्षं टिकते. पुस्तकातली ‘आठवण’ ती ही.

आयएलसी दिसायला त्यांच्याच घरातल्या, पण ती जोडणी करत नाहीत. या दिसल्या तशा अलीकडे: दुसऱ्या गटातल्या, म्हणजे आयएलसी-२ पेशी, २०१० साली उंदरांत सापडल्या आणि पुढच्याच वर्षी माणसांत. १, २, ३ असे गट पाडून नावं बसली ती २०१३ मध्ये. रक्तात शोधायला गेलात तर हजार लिंफोसाइटमध्ये (टी, बी वगैरे पांढऱ्या पेशींत) एखादी मिळेल, तीही नशिबाने. त्यांचा मुक्काम फुफ्फुस, आतडं, त्वचा असा वेशीवर असतो आणि त्या सहसा तिथून हलत नाहीत.

त्या चेहरा बघत नाहीत, बोंब ऐकतात. श्वासनळीच्या अस्तरातली पेशी दुखावली की तिच्यातून आयएल-३३ नावाचं प्रथिन बाहेर सांडतं. शेजारची आयएलसी-२ ते ऐकते आणि काही तासांत आयएल-५ आणि आयएल-१३ सोडायला लागते. पहिल्याने इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, दुसऱ्याने कफ वाढतो आणि श्वासनळी चिडकी होते. म्हणजे तुमची शिट्टी.

आता आठवण. २०१६ मध्ये व्हँकुव्हरच्या एका गटाने उंदरांच्या नाकात आयएल-३३ किंवा पपेन घातलं. सूज आली आणि ओसरली. पण फुफ्फुसातल्या काही आयएलसी-२ पेशी महिनोन्‌महिने टिकून राहिल्या, आणि नंतर भलतंच अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ) दिल्यावर त्या नव्या पेशींपेक्षा जास्त जोराने पेटल्या. भलतंच, हे महत्त्वाचं. पपेन ओळखून पेटल्या नाहीत, बोंब ऐकूनच पेटल्या, फक्त या वेळी लवकर आणि जास्त. त्यांच्यावर आयएल-२५ ऐकणारे ग्राहकही वाढलेले सापडले.

पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं तेच, जे आपण मटण लवकर शिजावं म्हणून वापरतो.

मिरामार_संध्याकाळ

थांबा थांबा. मटणात पपई घालायची की नाही?

पेशीवेडी

घाला. नाकात घालू नका.

गावठी_डॉक्टर

पेडण्यात वीस वर्षं दवाखाना चालवतोय. पेशीवेडीताईंनी पपेनचा मुद्दा काढलाच आहे तर पुढचा दुवा मी जोडतो. धुळीतल्या माइटच्या विष्ठेत जे मुख्य अ‍ॅलर्जन असतं ते पपेनच्याच घराण्यातलं, प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम) आहे. म्हणजे दमेकरीसाहेबांच्या माळ्यावरची धूळ आणि त्या उंदराच्या नाकातला चीक एकाच कुळातले. ती धूळ नुसती दिसत नाही, अस्तर कुरतडते.

पण आता सावधगिरीचा सूर. माझ्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रांग लागते. घरात दमट हवा, गाद्या, गोधड्या, भिंतीला ओल. माइटला दमटपणा लागतो आणि खायला आपल्या अंगाची गळालेली कातडी, दोन्ही आपल्याकडे भरपूर. अशा पेशंटची श्वासनळी एकदा चिडकी झाली की धूर, रंग, थंड हवा कशानेही आवळते. हे आयएलसी कुणाला ठाऊक नव्हते तेव्हाही डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यामागे स्नायू असतात, नसा असतात, टी-पेशी असतात, जाडावलेलं अस्तर असतं. सगळं खापर एका नव्या पेशीवर फोडू नका. दवाखान्यात तुमच्या आयएलसी मोजायची कुठलीही नेहमीची तपासणी नाही. कुणी ‘मोजून देतो’ म्हणालं तर पाकीट खिशात घट्ट धरा.

काढा_किंग

एवढं कशाला? इम्युनिटी वाढवा. तुळस, आलं, मिरी, दालचिनी, सकाळी अनशापोटी. माझी काकी

काढा_किंग

अर्धवट गेला. माझी काकी ८२ वर्षांची, अजून विहिरीचं पाणी ओढते.

गावठी_डॉक्टर

काकींना नमस्कार. पण दमेकऱ्याची इम्युनिटी कमी नसते हो, ती नको तिथे जास्त असते. पेटलेल्याला वारा कशाला घालता? काढा आवडतो म्हणून प्या, हरकत नाही. इनहेलर बंद करून नको.

शुद्धलेखन_काका

धागा वाचतो आहे. विज्ञान मला समजत नाही, ३४ वर्षे म्हापशात मराठी शिकवले. शब्दाविषयी मात्र बोलतो.

‘आठवण’ हा शब्द येथे चुकला आहे. आठवणीला विषय लागतो. कोणाची, कशाची? या पेशीकडे तो विषयच नाही असे पेशीवेडी म्हणतात. मग ही आठवण नव्हे, हा धसका आहे. धसका बसलेल्या माणसाला दार वाजले तरी दचकायला होते, दाराबाहेर कोण आहे याच्याशी संबंध नसतो. आपल्याकडे म्हणतातच, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात. दूध वेगळे, ताक वेगळे, पण तोंड तेच.

डिचोलीचा_दमेकरी

काका, ‘धसका’ ऐकून माझ्या छातीतलंच कुणीतरी मान डोलावली.

पेशीवेडी

काका, शब्द झकास आहे, आमच्या मीटिंगमध्ये वापरणार. म्हणीवर मात्र एक हरकत. ताक फुंकून पिणारा सावध असतो. ही पेशी फुंकत नाही, ताकाचा पेलाच भिरकावते.

आणि तुमचा आक्षेप या क्षेत्रातलाही आहे बरं का. नेमक्या शत्रूशी बांधलेली नसलेली, पण आधीच्या प्रसंगाने बदललेली अशी जी प्रतिक्रिया, तिला २०११ मध्ये मिहाई नेटिया हे संशोधक आणि सहकाऱ्यांनी वेगळं नाव दिलं, ‘ट्रेन्ड इम्युनिटी’. सरावलेली प्रतिकारशक्ती म्हणू. आयएलसी-२ ला ‘मेमरी’ म्हणावं की ‘ट्रेनिंग’ यावर अजून दोन तट आहेत.

शुद्धलेखन_काका

‘सरावलेली’ नको. सराव चांगल्या गोष्टीचा. ‘मुरलेली’ चालेल.

कुळागर_फोंडा

मुरलेली म्हणजे फेणी.

पाव_आणि_भाजी

दमेकरीदादा, तुमचं वाचून माझे बाबा आठवले. साळगावजवळच्या एका बेकरीत ते ३० वर्षं कामाला होते. रात्री दोनला उठून पीठ मळायचं, पहाटे भट्टी. पहिली आठ-दहा वर्षं काही नाही. मग आधी नाक गळायला लागलं, फक्त कामावर. रविवारी सुट्टी असली की बरं. दोन वर्षांनी छाती. तेव्हाही सुट्टीत बरं वाटायचं. शेवटी तर निवृत्त होऊन घरी बसले, पिठाचा संबंध संपला, तरी आई मिरच्या परतायला लागली की बाबा उठून अंगणात जायचे.

डॉक्टर म्हणायचे पिठाची अ‍ॅलर्जी. ठीक. पण पीठ सुटलं, दमा का सुटला नाही, हे कुणी सांगितलं नाही. धसका म्हटलं तर निदान नाव तरी मिळालं.

गावठी_डॉक्टर

@पाव_आणि_भाजी बेकरी कामगारांचा दमा हा जुना, नीट नोंदलेला आजार आहे. कारण गव्हाचं पीठ, आणि कणकेत घालायच्या बुरशीजन्य अमायलेजसारख्या विकरांची भुकटीसुद्धा. यात बऱ्याचदा पिठाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, म्हणजे इथे चेहरा ओळखणारी यंत्रणा नक्की असते. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जितकी जास्त वर्षं पिठात राहतो तितकं नंतर पूर्ण बरं होणं अवघड, हे खरं. त्यात आयएलसीचा वाटा किती, हे तुमच्या बाबांबद्दल कुणीच सांगू शकणार नाही. नाक गळायला लागलं तेव्हाच काम बदलायला हवं होतं. पण पोट भरणाऱ्याला हे सांगणं सोपं नसतं, मला माहीत आहे.

पाव_आणि_भाजी

हो. आम्ही चार भावंडं होतो.

नंदा_पर्वरी

मला एक समजत नाही. पेशी तीच, डीएनए तोच, मग बदलतं काय? कुठे लिहून ठेवते ती?

पेशीवेडी

ताई, घरातलं उदाहरण देते. छत्री वर्षभर माळ्यावर असते. पहिला पाऊस आला की धावपळ, शिडी, शोधाशोध, तोवर भिजलात. मग पाऊस उघडला तरी छत्री परत माळ्यावर जात नाही, दाराच्या मागे टांगलेली राहते. पुढची सर कुठल्या ढगातून आली याच्याशी छत्रीला देणंघेणं नाही.

डीएनए पेशीत गुंडाळून ठेवलेला असतो. काही जनुकं घट्ट गुंडाळीत, काही सैल. पहिल्या प्रसंगात आयएल-१३ सारख्या जनुकांभोवतीची गुंडाळी सैल होते, आणि प्रसंग संपल्यावर ती पूर्वीइतकी घट्ट होत नाही. मजकूर बदललेला नसतो, पान उघडं राहिलेलं असतं.

सत्तरीचा_वाघ

छत्रीचं पटलं. पण एक शंका. पेशी किती दिवस जगते? मेली की छत्री गेली.

पेशीवेडी

वाघोबा, नेमकी नस पकडलीत. रक्तातली मोनोसाइट पेशी फार तर काही दिवस टिकते, तरी बीसीजी लसीनंतर मोनोसाइटमधला बदल महिनोन्‌महिने दिसतो. कारण धडा खाली कारखान्यात, अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचतो. आयएलसी-२ चं वेगळं. त्या ऊतीतच दीर्घकाळ राहतात, तिथेच विभागतात, आणि सैल गुंडाळी विभागून झालेल्या नव्या पेशींकडे वारशाने जाऊ शकते.

नंदा_पर्वरी

बीसीजीचा विषय निघालाच. माझ्या दोन्ही मुलांच्या डाव्या दंडावर खूण आहे. कोविडच्या वेळी सगळे म्हणत होते की आपल्याला बीसीजी आहे, आपल्याला काही होणार नाही. मग झालं की.

गावठी_डॉक्टर

तेव्हा मीसुद्धा मनातून तसं म्हणत होतो, कबूल करतो. काल्मेत आणि गेराँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू १३ वर्षं, २३० वेळा, नव्या नव्या माध्यमात वाढवून मवाळ केला आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा बाळाला दिला. लहान मुलांचा मेंदूचा क्षय टाळायला ती उपयोगी आहेच. इतर संसर्गांनाही थोडी आडकाठी करते असे संकेत मिळाले, त्यावरून ही सरावाची, सॉरी काका, मुरण्याची कल्पना जोर धरू लागली. पण कोविडसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेत पेशी मुरलेली दिसणं वेगळं आणि माणूस आजारी न पडणं वेगळं. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून बीसीजीची प्रचंड चाचणी झाली तेव्हाही मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर लस कामी येत नाही असंच निघालं होतं. एवढं होऊनही आपण दर वेळी नव्याने हुरळतो.

सत्तरीचा_वाघ

माझं वेगळं मत. आम्ही सत्तरीत शेणामातीत वाढलो, गोठा घराला लागून. आमच्यात कुणाला दमा नाही. तुमच्या पेशींना लहानपणीच धूळ खायला घातली असती तर धसका बसला नसता.

डिचोलीचा_दमेकरी

वाघोबा, माझं लहानपणही गोठ्यातच गेलं. म्हशी तीन होत्या.

सत्तरीचा_वाघ

मग म्हशीत खोट असेल.

पेशीवेडी

गोठ्याच्या हवेत वाढलेल्या मुलांत दमा कमी, असं युरोपातल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय, तेव्हा वाघोबा अगदीच हवेत बोलत नाहीत. पण ती शक्यता कमी होण्याची गोष्ट आहे, कवच नव्हे.

आता दमेकरीदादांच्या मूळ प्रश्नावर येते, कारण आतापर्यंत मी बराचसा उंदीरच विकलाय. माणसात काय?

सगळ्यात भक्कम पुरावा एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’ पेशींचा. त्या याच मोठ्या कुटुंबातल्या. सीएमव्ही नावाचा विषाणू आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. तो येऊन गेल्यावर एनकेजी२सी हा ग्राहक असलेल्या एनके पेशींची एक फौज वाढते आणि वर्षानुवर्षं राहते, गुंडाळी बदललेली. इथे तर थोडा चेहराही ओळखला जातो. २००६ मध्ये टी आणि बी पेशीच नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर रसायन लावलं, तर पुढच्या खेपेला त्यांच्या एनके पेशींनी तेच रसायन ओळखलं, दुसरं नाही. कसं, यावर अजून भांडण आहे. काका, म्हणजे ‘आठवण’ अगदीच मोडीत काढता येत नाही.

माणसातल्या आयएलसी-२ बद्दल पुरावा आडून येतो. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना दम्याच्या आणि नाकातल्या पॉलिपच्या (मांसवाढीच्या) रुग्णांत सीडी४५आरओ ही खूण असलेल्या आयएलसी-२ जास्त सापडल्या. टी-पेशींत हीच खूण ‘अनुभवी’ पेशीवर असते. आणि या अनुभवी आयएलसी-२ स्टेरॉइडला दाद देत नव्हत्या. पण खूण दिसली म्हणजे धसका सिद्ध झाला असं नाही. उंदराला पपेन हुंगवून महिनोन्‌महिने स्वच्छ पिंजऱ्यात ठेवता येतं. माणसाला एकदा धूळ हुंगवून मग धुळीविना कोण ठेवणार? त्यात गोव्यात.

तेव्हा दादा, २०१४ च्या त्या रात्रीने तुमच्या पेशींना धसका बसला का, याचं माझं उत्तर: कल्पना तुमच्या हकिकतीला बसते, सिद्ध करता येणार नाही.

शुद्धलेखन_काका

एनकेपुरता ‘आठवण’ हा शब्द राहू देतो. बाकीच्यांना धसकाच.

मिरामार_संध्याकाळ

पण स्टेरॉइडला दाद देत नाहीत म्हणजे? मी रोज पंप घेते. फुकट?

गावठी_डॉक्टर

अजिबात फुकट नाही, कृपा करून हे वाचून पंप बंद करू नका. ते निरीक्षण विशिष्ट पेशींचं आहे. बहुसंख्य दमेकऱ्यांना श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड उत्तम लागू पडतं, आणि ‘लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांतले निम्मेअधिक माझ्यासमोर पंप मारून दाखवतात तेव्हा औषध जिभेवर जातं. ज्यांचा दमा खरोखर हट्टी आहे त्यांच्यासाठी आता बोंबच दाबणारी इंजेक्शनं आहेत. टीएसएलपी नावाचा आयएल-३३ सारखाच बोंब मारणारा रेणू अडवणारं टेझेपेलुमॅब २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. महाग आहे.

पेशीवेडी

आणि एक दिलाशाचं. गवताच्या परागाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हळूहळू वाढत्या मात्रेत तेच अ‍ॅलर्जन देण्याच्या उपचारात, ज्यांना गुण आला त्यांच्यात आयएल-१० सोडणाऱ्या, म्हणजे आग शमवणाऱ्या आयएलसी-२ वाढलेल्या दिसल्या. २०२१ चं काम. म्हणजे या पेशींना दुसरा धडाही शिकवता येत असावा.

काढा_किंग

म्हणजे माझाच मुद्दा. थोडं थोडं घेत राहायचं.

गावठी_डॉक्टर

नाही.

डिचोलीचा_दमेकरी

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी परत आलोय, कारण मधे दोन गोष्टी केल्या.

एक, डॉक्टरांचं वाचून माझ्या डॉक्टरसमोर पंप मारून दाखवला. दहा वर्षं मी श्वास आत घ्यायच्या आधीच कळ दाबत होतो. त्यांनी प्लॅस्टिकचा स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) दिला. लाज वाटली, पण तिसऱ्याच रात्री न उठता झोपलो.

दोन, माटोळी. भाचा आणि त्याचे मित्र यंदा मे महिन्यातच चौकट उतरवणार, अंगणात ओल्या फडक्याने पुसणार, चार दिवस कडक ऊन देणार आणि माळ्याऐवजी पडवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणार. मी त्या दिवशी बहिणीकडे म्हापशाला. माटोळीला बांधायच्या कवंडळ, तोरिंगं, नारळाच्या पेंडी मात्र मीच आणणार, ते कुणाला देणार नाही.

नंदा_पर्वरी

गाद्याही उन्हात घाला हो. आणि अभ्रे कढत पाण्यात. साठ अंशांना माइट मरतात.

कुळागर_फोंडा

तोरिंगं माझ्या कुळागरातून न्या. पपईसुद्धा आहे, पण ती तुम्हाला देत नाही.